कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी एक वही घ्या



मागच्या बॅचमध्ये गडहिंग्लजकडच्या एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचा कांदा-लसूण चटणी आणि मसाल्यांचा व्यवसाय आहे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे कांडप मशीन, आणि काउंटरवर बिलिंगचा कॉम्प्युटर. त्या म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटर दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बंद पडतोय. दोनदा फॉरमॅट करून झालं. आता नवीनच घेऊ का? पस्तीस हजार सांगतोय दुकानदार."

मी त्यांना म्हटलं, "ताई, पस्तीस हजार घालू नका. आधी दहा रुपयांची वही घ्या. आठवडाभर एक काम करा आणि मग मला फोन करा."

त्या वहीत काय सापडलं ते शेवटी सांगतो. त्याआधी माझी स्वतःची गोष्ट ऐका. व्हिडिओत वेळ कमी पडला म्हणून ती अर्धवट राहिली होती, आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्यासमोर सांगायला थोडं जडही गेलं.

मी काय चूक केली

राजारामपुरीत माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. जूनचा पहिला आठवडा, म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी. वह्या, पुस्तकांची कव्हरं, प्रवेशाचे फॉर्म, दाखल्यांच्या झेरॉक्स. काउंटरसमोर पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमका दुपारी बारा-साडेबाराला कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालू केला की दहा मिनिटं चालायचा, पुन्हा बंद.

ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "बघायला लागेल, ठेवून जा एक दिवस." मी म्हटलं, "ठेवायला वेळ कुठाय? फॉरमॅट मारून टाक." त्यानं विचारलं, "डेटा काही आहे का सी ड्राइव्हला?" समोर चार गिऱ्हाईकं उभी. मी न बघताच सांगितलं, "नाही रे, सगळं डी ला आहे."

उधारीची एक्सेल फाइल मात्र डेस्कटॉपवर होती. आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

क्लासेस, दोन शाळा, वकिलांची ऑफिसेस, सगळी मिळून साधारण एक लाख चाळीस हजारांची उधारी होती. आठवून आठवून यादी केली, दारोदार फिरलो. एका क्लासच्या सरांनी स्वतःची डायरी काढून आकडा सांगितला, तो माझ्या अंदाजापेक्षा सहाशे रुपयांनी जास्त निघाला. अशी माणसं भेटली. पण "एवढं नव्हतं हो" म्हणणारीही भेटली, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. अडतीस हजार रुपये आजपर्यंत आलेले नाहीत.

आणि गंमत बघा, फॉरमॅटनंतर दोन दिवसांनी दुपारी साडेबाराला कॉम्प्युटर पुन्हा बंद!

कारण काय निघालं? झेरॉक्स मशीनच्या शेजारीच सीपीयूचा डबा ठेवला होता. कागदाचा भुगा आणि धूळ आत जाऊन पंख्यावर गादी बसलेली. त्यात शेजारच्या मशीनची गरम हवा. सकाळपासून चालून दुपारपर्यंत प्रोसेसर तापायचा आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद व्हायचा. उपाय होता एक ब्रश आणि अर्धा तास.

मेकॅनिकचा दोष नाही. त्यानं विचारलं होतं. रोग न बघता औषध मी सांगितलं. बीबीएला आम्हाला रिस्क मॅनेजमेंटवर अख्खा पेपर होता, चांगले मार्कही पडले होते. पण दुकानातली सगळ्यात मोठी रिस्क काउंटरखाली धूळ खात होती, ती दिसली नाही.

पंचगंगा सांगते तसंच

आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात रोज सकाळी काय बघतो? राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. ३९ ला आपण सामान वर चढवायला लागतो, कुणी ४३ ची वाट बघत बसत नाही.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. तो क्वचितच अचानक मरतो. बहुतेक वेळा आधी इशारा देतो. पंख्याचा आवाज वाढतो, फाइल उघडायला वेळ लागतो, आठवड्यातून एकदा हँग होतो. आपण "परत चालू केला की चालतोय की" म्हणून सोडून देतो. इशाऱ्याची नोंद ठेवली, तर धोका येण्याआधी कारण सापडतं. म्हणून वही.

वहीत काय लिहायचं

कॉम्प्युटर बंद पडला की पाच गोष्टी लिहा. एक मिनिट लागतं.

१. तारीख आणि वेळ.
२. कसा बंद पडला? एकदम अंधार झाला, स्क्रीन गोठली, आपोआप रीस्टार्ट झाला, की निळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर आला? (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा केलाय, गोंधळू नका.) मजकूर आला तर मोबाइलवर फोटो काढा. त्यातला कोड मेकॅनिकच्या फार उपयोगाचा असतो.
३. तेव्हा काय चालू होतं? बिलिंग, ब्राउझर, प्रिंट, पेन ड्राइव्ह?
४. आजूबाजूला काय घडलं? लाइट डीम झाली, मोटार सुरू झाली, पाऊस-वीज, उकाडा?
५. गेल्या दोन-चार दिवसांत नवीन काय केलं? अपडेट, नवा प्रिंटर, नवं सॉफ्टवेअर?

विंडोज स्वतःसुद्धा अशी वही ठेवतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. स्टार्टच्या सर्चमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' एवढं टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असा पर्याय येईल. तो उघडला की तारखेप्रमाणे तक्ता दिसतो. ज्या दिवशी काही बिघडलं तिथे लाल फुली. त्याच दिवशी अपडेट झालं असेल तर तेही खाली दिसतं. तुमची वही आणि हा तक्ता शेजारी ठेवून बघा.

आता कारणं शोधू: स्वस्त ते महाग या क्रमानं

हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण उलटं करतो. आधी फॉरमॅट, मग नवा पार्ट, मग नवा कॉम्प्युटर, आणि शेवटी कळतं की प्लग ढिला होता.

पहिलं: वीज. एकदम अंधार होऊन बंद पडत असेल तर आधी इथे बघा. भिंतीतला प्लग, डब्यामागची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं घट्ट आहे का? मग यूपीएसची परीक्षा घ्या. सगळं काम सेव्ह करा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. किती मिनिटं चालतो? एका मिनिटात मान टाकली तर बॅटरी गेली. या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षं चालतात, पण यूपीएसचा दिवा लागलेला दिसतो म्हणून आपण निवांत असतो. बॅटरी बदलायला हजार-बाराशे रुपयांच्या आसपास लागतात, अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते.

अजून एक चूक जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसते. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला असतो. लेझर प्रिंटर कागदावरची शाई पक्की करायला आतला भाग तापवतो, तेव्हा तो एकदम जास्त वीज ओढतो. छोट्या यूपीएसला तो भार झेपत नाही आणि कॉम्प्युटरसकट सगळं बसतं. प्रिंट दिली की बंद, असं होत असेल तर प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगला लावा. आणि दुकानाचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

दुसरं: उष्णता आणि धूळ. चालू केल्यावर ठरावीक वेळानं, किंवा दुपारीच बंद पडत असेल तर संशय इथे घ्या. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की मशीन स्वतःला बंद करतं, त्याआधी स्लो होतं. पिठाची गिरणी, बेकरी, टेलरिंग, झेरॉक्स, सुतारकाम अशा धंद्यात धूळ दुप्पट वेगानं साचते. दर तीन महिन्यांनी साफ करा. मेन स्विच बंद, प्लग काढलेला, मग झाकण उघडा. मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते जोरात फिरून खराब होतं. पॉवर सप्लायचा लोखंडी डबा मात्र कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असू शकतो. काउंटरच्या बंद कप्प्यात सीपीयू कोंबू नका. त्यालाही श्वास लागतो.

तिसरं: रॅम. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळं काम करताना निळा पडदा येतो, दरवेळी कोड वेगळा, तर रॅम तपासा. सर्चमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' इंग्रजीत टाइप करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन स्वतःची तपासणी करतो. दुकान बंद करताना लावून द्या. कधीकधी रॅमची पट्टी फक्त ढिली झालेली असते, काढून नीट बसवली की काम होतं. हात बसलेला नसेल तर हे मेकॅनिकसमोर करा.

चौथं: हार्ड डिस्क. फाइल उघडायला वेळ, मध्येच गोठणं, आणि डब्यातून टक-टक असा आवाज. आवाज आला तर बाकी काहीही तपासू नका, आधी डेटा बाहेर काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर तपासणी चालवली तर तीच शेवटची धाव ठरू शकते. आवाज नाही, पण स्लो आहे, तर सी ड्राइव्ह किती भरलाय बघा. निदान १५-२० टक्के जागा रिकामी असू द्या. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तर चांगल्या अवस्थेतला जुना कॉम्प्युटरही पुढची काही वर्षं काढतो.

पाचवं: सॉफ्टवेअर. वहीच्या पाचव्या रकान्यात काही सापडलं का? नवा ड्रायव्हर, नवं अपडेट, नवं ॲप? ते काढून बघा. कॉम्प्युटर धड चालूच होत नसेल तर सेफ मोडमध्ये चालू करा. तिथे विंडोज कमीत कमी गोष्टी घेऊन उठतं. सेफ मोडमध्ये नीट चालत असेल, तर बिघाड बहुधा नंतर टाकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. एकाच कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस ठेवू नका, ते एकमेकांशीच भांडतात. आणि 'क्रॅक' केलेलं बिलिंग सॉफ्टवेअर? भावांनो, फुकटचं म्हणून घेतलेलं तेच सगळ्यात महाग पडतं. त्यातून काय आत शिरलंय हे तुम्हाला कळत नाही. विंडोज १० वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढचं नियोजन आत्ताच करा.

मोठ्यांचंही बंद पडतं

"आपला छोटा धंदा म्हणून असं होतं" असं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख! विमानतळं, बँका, हॉस्पिटलं अडकली. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

यात दोन धडे आहेत. पहिला, बिघाड एका फाइलमध्ये होता. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढली की मशीन उठत होतं. ज्यांना कारण कळलं त्यांनी अख्खं मशीन पुसलं नाही. दुसरा धडा, विमान कंपन्यांकडे पेन आणि कागद तयार होता. तुमच्या काउंटरखाली छापील बिलबुक आहे का? नसेल तर आजच एक ठेवा. त्याचा नंबर बिलिंग सॉफ्टवेअरच्या नंबरांपेक्षा वेगळ्या मालिकेत ठेवा, म्हणजे नंतर नोंद करताना गोंधळ होत नाही. कॉम्प्युटर बंद पडला तरी गल्ला बंद पडता कामा नये.

दुरुस्ती नंतर, बॅकअप आधी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. कोल्हापुरात या दोन महिन्यांबद्दल वेगळं काही सांगायला नको. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या कितीतरी दुकानांत पाणी शिरलं. माल वर चढवला गेला, पण सीपीयू टेबलाखालीच राहिला असं सांगणारे व्यापारी माझ्या बॅचमध्ये आजही येतात. काहींनी बॅकअप घेतला होता, पण तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता!

म्हणून बॅकअपचा हिशेब ३-२-१ असा लक्षात ठेवा. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर साठवलेल्या, त्यातली एक दुकानाच्या बाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरमध्ये, एक एक्स्टर्नल डिस्कवर, आणि एक क्लाउडवर किंवा घरी. रोज दुकान बंद करताना गल्ला मोजता ना? त्याच वेळी बॅकअप. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे न वटणारा चेक.

पुराचं पाणी लागलेला कॉम्प्युटर "चालतोय का बघू" म्हणून कधीही चालू करू नका. डिस्क काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

हा फक्त शहाणपणाचा भाग नाही, कायद्याचाही आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळायचे असतात. आणि नियम ५७ सांगतो की हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर अपघातात किंवा नैसर्गिक आपत्तीत गेलेली माहिती वाजवी वेळेत परत उभी करता येईल असा बॅकअप ठेवा. "कॉम्प्युटर उडाला साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही. महिन्याचं ३बी रिटर्न २० तारखेला, आणि कॉम्प्युटर बंद पडतो बरोबर १९ ला. उशिरासाठी दिवसाला ५० रुपये, शिवाय व्याज. मग मेकॅनिकच्या पाया पडायची वेळ येते.

मेकॅनिकशी कसं बोलायचं

"बिघडलाय, बघ" असं सांगू नका. वही समोर ठेवा. "आठवड्यात सात वेळा बंद पडला, पाच वेळा दुपारी, प्रत्येक वेळी एकदम अंधार झाला" असं सांगितलं की त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही. फॉरमॅटचा विषय निघाला तर तीन प्रश्न: कारण काय सापडलं? फॉरमॅटनं ते कारण जाईल का? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि बिलिंगच्या फोल्डरची कॉपी झाली का? तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, स्वतः फाइल उघडून बघा. तो एक मिनिट मी दिला नाही, त्याची किंमत अडतीस हजार.

ताईंच्या वहीत काय निघालं

आठव्या दिवशी फोन आला. "सर, वही वाचून दाखवते." नऊ वेळा कॉम्प्युटर बंद पडला होता. वेळा सगळ्या वेगळ्या, म्हणून त्यांना आजवर काही सुधरत नव्हतं. पण चौथ्या रकान्यात नऊपैकी आठ वेळा एकच वाक्य: "मागे कांडप सुरू केलं."

मशीनची मोटार सुरू होताना एकदम वीज ओढते. मोटार आणि कॉम्प्युटर एकाच लाइनवर होते, त्यामुळे व्होल्टेज पडायचं. अशा वेळी सांभाळायचं काम यूपीएसचं, पण त्याची बॅटरी कधीच संपलेली. नववी नोंद होती लाइट गेल्याची, म्हणजे तीही त्याच बॅटरीची साक्ष. वायरमननं काउंटरला वेगळी लाइन टाकून दिली, बॅटरी बदलली. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. पस्तीस हजार वाचले. ताई म्हणाल्या, "त्यात मी पॅकिंगचं सीलिंग मशीन घेते आता." हे ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता. विषयच संपला!

आजचा गृहपाठ सोपा आहे. हा लेख वाचून झाला की तीन कामं करा. काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग काढून मिनिटं मोजा. डेस्कटॉपवर कुठल्या महत्त्वाच्या फाइल आहेत ते बघून त्यांची कॉपी दुकानाबाहेर न्या. आणि काउंटरवर वही ठेवा, पहिल्या पानावर पाच रकाने आखा.

तुमच्या यूपीएसनं किती मिनिटं काढली ते व्हिडिओखाली नक्की लिहा. माझ्या दुकानाच्या यूपीएसनं गेल्या आठवड्यात अकरा काढली. अकराच्या खाली येईल तेव्हा वहीत लिहीन.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा चालू ठेवा, वही भरत राहा!